‘माझी मैना’ला काय म्हणावे? सीमेवरच्या एका गावातून

थ्रेड.

१ मे जवळ आला की अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’च्या चित्रफिती फिरू लागतात. १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, त्यांना पुन्हा भरती येते. गाणे तेच, त्याखाली लिहिलेली ओळ मात्र दर वेळी निराळी. कुणी ‘अजरामर प्रेमगीत’ लिहितो, कुणी ‘ठसकेबाज लावणी’, कुणी ‘संयुक्त महाराष्ट्राचे विजयगीत’, तर कुणी ‘मुंबईचे गाणे’. मग प्रतिक्रियांत वाद पेटतो आणि दोन दिवसांत विझतो. पुढच्या वर्षी तीच वर्णने पुन्हा येतात.

हा वाद शब्दांचा कीस आहे, असे पुण्या-मुंबईत म्हणता येईल. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेरात तसे म्हणणे कठीण आहे. या गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा ओलांडल्या की डांग लागतो, आणि डांग हे नाव या गाण्यात आहे. ‘प्रेमगीत’ आणि ‘मुंबईचे गाणे’ या वर्णनांत ते नाव गळून पडते. ‘विजयगीत’ म्हटले तर त्या नावाचा अर्थच उलटा होतो. शिवाय एखाद्या गोष्टीचे वर्णन कोण कसे करतो यावरून मुलुखाचे काय होते, याचा धडा इतिहासाने ज्या थोड्या जागी स्पष्टपणे घालून दिला, त्यांतलीही ही एक जागा आहे. तेव्हा कीस पाडायचाच, तर तो नीट पाडावा.

प्रथम गाणे काय सांगते ते पाहू. ओळी उद्धृत न करता आशयापुरते बोलू, कारण पाठभेदही आहेत. मैना ‘गावावर’ राहिली की ‘गावाकडं’, येथपासूनच ते सुरू होतात. एक गरीब माणूस गावी मागे राहिलेल्या आपल्या स्त्रीचे रूप आणि गुण वर्णितो. दारिद्र्याने दोघांची ताटातूट झालेली आहे. भल्या पहाटे तो मुंबईला निघतो. ती शिवेपर्यंत सोबत येते. तिने हसावे म्हणून तो तोड्यांपासून नथीपर्यंतच्या दागिन्यांची आश्वासने देतो. ती हसत नाही. मग मुंबई येते, बेकारांच्या गर्दीची, यंत्रांची, परदेशी मोटारींची आणि तलम साड्यांची. या मुंबईत त्याच्यापाशी पावसात डोक्यावर धरायला छत्रीसुद्धा नाही. येथवर गाणे एका माणसाचे आहे. याच सुमारास चळवळ उठल्याचे तो सांगतो, आणि त्या कडव्यापासून ‘मी’चा ‘आम्ही’ होतो. कामगार, शेतकरी, मध्यमवर्ग एका फळीत उभे राहतात, गोळ्या चालतात, फाउंटनचा संग्राम होतो. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांना रामायणातल्या पराभूत पक्षात बसवले जाते. मुंबई महाराष्ट्राला मिळते, गुढी उभारली जाते.

बहुतेक वर्णने येथे थांबतात. गाणे येथे थांबत नाही.

गुढी उभारल्यानंतर तो माणूस म्हणतो की आतली तगमग शमलेली नाही, मैनेची भेट अजून झालेली नाही. या खंडित महाराष्ट्राची अवस्थाही तशीच आहे, कारण बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. लढाई अर्धी राहिली आहे, कुणी मागे वळू नये, अशी विनवणी करून तो पुन्हा त्याच विरहाच्या ध्रुपदावर येतो. पहिल्यांदा ते ध्रुपद ऐकू येते तेव्हा ती एका माणसाची काहिली असते. अखेरीस तेच शब्द राहून गेलेल्या मुलुखाचेही झालेले असतात. गाण्याची सारी रचना या एका वळणावर उभी आहे.

आता एकेक वर्णन तपासता येईल.

‘लावणी’ हे वर्णन चूक नाही, पण ढोबळ आहे. गाण्यातला गायक स्वतःच सांगतो की आपण तिच्या गुणांची छक्कड गायिली. छक्कड हा लावणीच्या कुळातला, तमाशाच्या फडात रुजलेला, चटपटीत चालीचा प्रकार. रचनाकाराने प्रकाराचे नाव रचनेतच नोंदवून ठेवले असताना ‘लावणी की पोवाडा’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो पुढच्या प्रश्नात: ज्याच्याकडे पोवाड्यासारखे वीररसाचे हक्काचे हत्यार होते, त्या शाहिराने चळवळीचे गाणे छक्कडीत का बांधले?

उत्तर अण्णा भाऊंच्या कारकिर्दीत सापडते. १९२० साली वाटेगावात जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईत आले आणि गिरणगावात वाढले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. कामगार श्रोता शाळेत कविता शिकून आलेला नव्हता. तो गावाकडून तमाशाचा कान घेऊन आला होता. पथकाने त्या कानाला ओळखीचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. पारंपरिक गणात गणपतीला वंदन असते. अण्णा भाऊंनी त्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. नाव बदलून खेळ चालू ठेवणाऱ्या या माणसाला वर्णनाचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळत होते, असे म्हणायला हरकत नाही. ‘माझी मैना’त श्रोता शृंगाराच्या ओळखीच्या वाटेने आत येतो आणि फाउंटनपाशी पोहोचतो. पोवाड्याने हे साधले नसते. पोवाडा ऐकणाऱ्याला आपण कुठे निघालो ते पहिल्या थापेलाच कळलेले असते.

म्हणून केवळ ‘प्रेमगीत’ म्हणणारा माणूस दारातून आत येऊन ओसरीवरच बसून राहिलेला असतो. पण ‘हे प्रेमगीत नाहीच, मैना म्हणजे मुंबई’ असे ठासून सांगणारेही घसरतात. हा अर्थ फार लोकप्रिय आहे. ऐकायला चतुरही वाटतो. गाण्याच्या मजकुरापुढे मात्र तो टिकत नाही. मैनेला सोडून माणूस जातो तो मुंबईलाच. मैना मुंबई असती तर निघण्याचे कारण काय? शिवाय मुंबई मिळते, तरी मैना भेटत नाही. शाहिराने मैनेला मुलुखाचे निव्वळ रूपक केलेले नाही. त्याने दोन विरह शेजारी ठेवले आणि दोन्हींची गत एकच आहे असे उघड शब्दांत सांगितले. रूपकात एक गोष्ट दुसरीत विरून जाते. उपमेत दोन्ही उभ्या राहतात, आणि येथे तेच हवे होते, कारण गावी राहिलेली ती बाई हीदेखील खरी समस्या आहे. गिरणीच्या चाळीतल्या खोलीत पाळ्यांनी झोपणाऱ्या हजारो पुरुषांची कुटुंबे घाटावर आणि कोकणात मागे राहत होती. मैनेचे मुंबईत रूपांतर करणे म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा गावी सोडून येणे.

असे अर्धवट वर्णन इतर देशांतल्या बंडखोर गाण्यांच्याही वाट्याला आले आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात बेकारीने गांजलेल्या तरुणांतून पंक रॉक उभा राहिला. त्यातल्या ‘द क्लॅश’ या गटाचे ‘लंडन कॉलिंग’ हे गाणे डिसेंबर १९७९ मध्ये आले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीचा अपघात झाला होता, आणि टेम्स नदीचा पूर लंडन बुडवील ही भीती तेव्हा खरीच होती. पुराला अडवणारा टेम्सवरचा अडसर अजून पुरा व्हायचा होता. गाणे या भयाचे आहे. त्याचे शीर्षक महायुद्धकाळातल्या बीबीसीच्या पुकाऱ्यावरून घेतलेले, म्हणजे संकटाच्या घोषणेचा ओळखीचा साचा घेऊन रचलेले. तेच गाणे २०१२ च्या ऑलिम्पिकच्या वर्षी जाहिरातीत वाजले आणि अनेकांच्या मनात ‘लंडनचे गौरवगीत’ होऊन बसले. ते पंक आहे की नाही यावरही रसिकांचा वाद चालतो, कारण त्याच नावाच्या संग्रहात रेगे, स्का, रॉकबिली असे नाना प्रकार मिसळलेले आहेत. पण प्रकाराचा वाद कितीही रंगला, तरी बुडणाऱ्या शहराच्या गाण्याला शहराची जाहिरात करणारी चूक त्याहून मोठी. शीर्षकात शहराचे नाव आणि ठेका उसळता, एवढ्यावर ऐकणारे समाधान मानतात. ‘माझी मैना’तही मुंबई मिळाल्याचा जल्लोष ऐकून बरेच जण उठून जातात.

‘विजयगीत’ हे वर्णन याच जल्लोषातून आले, आणि चौघांत तेच सर्वांत घातक आहे. कारण ते अर्धेच नाही, उलटे आहे. जी रचना विजयानंतरही काही उरले आहे हे सांगण्यासाठी शेवटचे कडवे खर्च करते, तिला विजयगीत म्हणणे म्हणजे शाहिराचा अखेरचा शब्द खोडून टाकणे.

याच कडव्याने कालनिश्चितीही होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा छोटा व्यायाम करून पाहण्यासारखा आहे. अनेक ठिकाणी या गाण्याखाली सरसकट ‘१९५६’ किंवा ‘चळवळीच्या ऐन भरात रचलेले’ असे लिहिलेले असते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ चा. फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ ची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले, तर डांग आणि उंबरगाव त्या दिवशी नव्या द्विभाषिक मुंबई राज्यातच होते. ते ‘दुसऱ्यांचे’ झाले ते द्विभाषिक मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा. मुंबई मिळाल्याचा आनंद आणि डांग-उंबरगाव गेल्याचे दुःख ज्या रचनेत एकत्र आहे, तिचे आज प्रचलित असलेले रूप द्विभाषिकाच्या विभाजनाचा निर्णय कळण्याआधीचे असूच शकत नाही. आधीची कडवी आधी रचली गेली असतील, कलापथकाच्या गाण्यांत भर पडत जाणे स्वाभाविकच होते. पण ज्या गाण्याला निकाल ठाऊक आहे, त्याला ‘निकालासाठी लढताना रचलेले’ म्हणू नये. चळवळीच्या मागणीत गोव्याचे नाव येते आणि शेवटच्या यादीत ते नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यावरून मात्र निष्कर्षाची घाई करू नये.

आता डांग. येथे विषयाची खरी गाठ आहे.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरात पिंपळनेर हा स्वतंत्र तालुका म्हणून येतो. आजचा साक्री तालुका त्याचाच वारस. त्याच ग्रंथात डांगच्या भिल्ल राजांच्या छोट्या संस्थानांचेही वर्णन आहे, कारण एकोणिसाव्या शतकात डांगचा राजकीय कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता. इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास डांगची जंगले भाडेपट्ट्याने घेतली. पुढे हा कारभार सुरतेकडे गेला. स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात आला, आणि मग हा मुलूख कुणाचा, म्हणजे तेथील माणसे बोलतात ती भाषा कोणती, हा प्रश्न उभा राहिला. १९४९ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई डांगचा दौरा करून आले, आणि डांगी ही गुजरातीला जवळची असल्याचा निर्वाळा दिला गेला. महाराष्ट्रातून त्याविरुद्ध मोठा गदारोळ उठला. निर्वाळा मात्र उभा राहिला, आणि अकरा वर्षांनी डांग गुजरातेत गेला. ज्या मोरारजींना शाहिराने रावणाच्या पंगतीत बसवले, त्यांचा फाउंटनइतकाच डांगशीही संबंध होता, हे गाणे ऐकताना फारसे कुणाला आठवत नाही. शाहिराने ते आठवून लिहिले की नाही, हा वेगळा प्रश्न.

म्हणजे एका बोलीचे वर्णन झाले, आणि त्या वर्णनाने एका जिल्ह्याच्या वाटेला दिशा दिली.

येथपर्यंतची मांडणी पिंपळनेरच्या वाचकाला सुखावणारी आहे. पुढची तितकी सुखावणारी नाही. डांगी गुजराती नाही, हे म्हणणे सोपे. डांगी मराठी आहे, हे म्हणणे तितके सोपे नाही. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी, म्हणजे खुद्द पिंपळनेरच्या बाजारात बोलली जाणारी अहिराणी, भिल्ल बोलींसोबत ठेवली गेली आणि गुजरातीच्या बाजूला झुकती मानली गेली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीत न मिसळता वेगळी मोजली आहे; तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार. दुसरीकडे, अहिराणी ही मराठीचीच बोली असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि अहिराणी बोलणारी बहुसंख्य घरे लिहिता-वाचताना मराठीच वापरतात. मग १९४९ चा निकष, ‘बोली कुणाच्या जवळची’ हा, पिंपळनेरला लावला असता तर? सीमारेषा सह्याद्रीच्या या बाजूला किती आत सरकली असती? वर्णनाचे हत्यार दुसऱ्याच्या हाती असते तेव्हा त्याची धार दिसते; आपल्या हाती असताना ते केवळ सत्यकथन वाटते.

आणि डांगचे स्वतःचे वर्णन? अजय स्कारिया यांनी डांगच्या मौखिक परंपरेवर ‘हायब्रिड हिस्टरीज’ हा ग्रंथ १९९९ मध्ये लिहिला. तेथील जुनी माणसे आपल्या भूतकाळाचे दोन काळ सांगत: जंगलावर कुणाची हद्द नव्हती तो ‘मोगलाई’चा काळ, आणि सरकारने खुणा मारून जंगल बांधून घेतले तो ‘मंडिनी’चा काळ. या कालगणनेचा कणा जंगल आहे. मुंबई कुणाला मिळाली यावर ती उभी नाही. भिल्ल आणि कोकणा समाज आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी साक्रीच्या पाड्यांवरही वाजते आणि डांगातही. त्या माणसांना ‘महाराष्ट्राचा गेलेला तुकडा’ म्हणणे हे शाहिराचे, चळवळीचे म्हणणे होते. डांगच्या तोंडचे ते नव्हते.

यामुळे गाणे खोटे ठरत नाही. गाणे दावा करते, दावा करण्याचा त्याला हक्क आहे, आणि तो दावा त्या पिढीच्या मोठ्या समूहाने मनापासून केला होता. गाण्याविषयी लिहिणाऱ्याने मात्र दाव्याला दावा म्हणावे. ‘गाण्यात डांग महाराष्ट्राचा म्हणून मागितला आहे’ आणि ‘डांग महाराष्ट्राचा होता’ या दोन वाक्यांतले अंतर सांभाळणे, एवढेच इतिहासाच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षित असते. एवढेच बहुधा होत नाही.

खानदेशापुरती आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती कुठल्याच वर्णनात येत नाही. १ मे १९६० रोजी पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांची दीडशेहून अधिक गावे गुजरातेत गेली. आज निझर आणि उच्छल या नावांनी ओळखला जाणारा टापू बराचसा त्यांचाच. ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव गाण्यात आला, डांग आला. ही गावे आली नाहीत. छक्कडीच्या चालीत दीडशे गावे बसणार नाहीत, हे खरे. आणि जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाव सभेत जसे वाजते, तसे पाड्यांचे वाजत नाही. मुंबईच्या व्यासपीठावरून महाराष्ट्राची जी कड दिसत होती, ती गाण्यात आली. म्हणून ‘माझी मैना’ हा सीमाप्रश्नाचा संपूर्ण दस्तऐवज आहे, असे कुणी म्हणू लागल्यास तेही अडवले पाहिजे. तो मुंबईतल्या एका कामगार-शाहिराच्या डोळ्यांनी पाहिलेला सीमाप्रश्न आहे.

गाणे लोकांचे असते, लोकांना ते प्रेमगीत वाटत असेल तर ते प्रेमगीतच, अभ्यासकांनी मध्ये पडू नये, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. हळदीच्या मांडवात पहिले कडवे लावणाऱ्या माणसाला अडवून भाषिक राज्यांचा इतिहास सांगावा, असे कुणीही म्हणणार नाही. ऐकणाऱ्याला ऐकण्याचे स्वातंत्र्य आहेच. प्रश्न आहे तो वर्णन लिहिणाऱ्याचा. ‘मला हे प्रेमगीत वाटते’ ही अनुभवाची नोंद झाली. ‘हे प्रेमगीत आहे’ ही माहिती झाली, आणि माहितीची नक्कल होते, ती शाळेच्या निबंधात जाते, स्पर्धा परीक्षेच्या टिपणात जाते. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक: चित्रफितीखाली दोन ओळींची जागा असते, तेथे एवढे सगळे कसे बसवावे? बसते. पुढील वाक्य कुणीही घेऊन वापरावे:

‘माझी मैना’: अण्णा भाऊ साठे यांची छक्कड. गावी मैनेला सोडून मुंबईत आलेला कामगार आपल्या विरहाच्या जोडीने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची कथा सांगतो. मुंबई मिळाल्यावरही बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेर राहिल्याने लढा अपुरा असल्याचे तो म्हणतो.

यात ‘अजरामर’ नाही, ‘ठसकेबाज’ नाही. ‘कम्युनिस्ट’ हा शब्दही नाही, आणि तो मुद्दाम गाळलेला आहे. अण्णा भाऊंची निष्ठा लपलेली नव्हती. पण गाण्यातली फळी कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्ग यांची आहे, शत्रूसाठी दृष्टांत रामायणाचे आहेत, आणि समितीत कम्युनिस्टांसोबत प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे सगळे होते. शाहिराचा पक्ष त्याच्या चरित्रात सांगावा. छक्कडीच्या वर्णनात त्याने जो शेवट केला तो सांगावा, आणि चित्रफीत कापायचीच असेल तर निदान तो शेवट कापू नये. डांगचे नाव तेथेच आहे.